सुटे नसतील तर स्कॅन करा

मुंबईत रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे आणि टॅक्सीचे ३१. भाडे ठरवताना इंधन, विमा, दुरुस्ती, चालकाचा घरखर्च असा सगळा हिशोब मांडला जातो. प्रवाशाच्या खिशात चार रुपये सुटे असतील का, याचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. तीस दिले की चार परत यायला हवेत, चालकाकडे चार नसतात, आणि "जाऊ दे" हे कोणी म्हणायचे यावर दोघांत जरा नजरानजर होते. २०१९ मध्ये बेस्टने भाडी कमी केली तेव्हा साध्या बसचे टप्पे ५, १०, १५, २० असे सरळ ठेवले, पण वातानुकूलित बसचे ठेवले ६, १३, १९ आणि २५. भरलेल्या बसमध्ये तेरा रुपयांचे तिकीट देऊन वीसच्या नोटेतले सात परत करणे काय असते, हे टप्पे ठरवणाऱ्यांनी कंडक्टरला विचारले नसावे.

शहर रोखीकडून मोबाइलकडे कसे वळले हे सांगताना बहुतेक जण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपासून सुरुवात करतात. नोटबंदीने धक्का दिला हे खरेच. पण मला विचाराल तर मुंबईला वळवले ते सुट्या पैशांनी. मोठ्या रकमेच्या नोटांचे काम आजही नोटाच करतात. मोबाइलने जागा घेतली ती चिल्लरची. हे एकदा ध्यानात घेतले की बाकीचे कोडे सुटायला लागते: ही सोय फुकट कशी, पैसे मध्येच अडकतात कुठे, आणि पानवाल्यापासून मासेवालीपर्यंत सगळ्यांकडे क्यूआर असूनही देशातल्या नोटा दुप्पट कशा झाल्या.

आधी वॉलेट, मग यूपीआय

नोटबंदीत ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण नोटांच्या मूल्यापैकी या दोन नोटांचा वाटा सुमारे ८६ टक्के होता. त्या आठवड्यांत दुकानादुकानांत जे डिजिटल आले ते बहुतांशी वॉलेट होते. वॉलेटमध्ये आपण आधी कंपनीकडे पैसे भरून ठेवायचे आणि मग त्यातून खर्च करायचा. अडचण अशी की दुकानदाराकडेही त्याच कंपनीचे वॉलेट लागे. तुमचे एक, त्याचे दुसरे, तर व्यवहार होत नसे. २०१७ मध्ये नव्या नोटा पुरेशा आल्या तसे बरेच दुकानदार निमूटपणे रोखीकडे परतले. नोटबंदीमुळेच शहर डिजिटल झाले म्हणणाऱ्यांना हे परतणे आठवत नाही.

खरा बदल वेगळ्या वाटेने येत होता, आणि तो मुंबईतच घडत होता. बँकांचे आपसातले व्यवहार सांभाळण्यासाठी रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन २००८ मध्ये एक ना-नफा कंपनी काढली, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे एनपीसीआय. तिचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिने नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस सुरू केले. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवायची ही पहिली सोय. पण त्यासाठी समोरच्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड किंवा बँकेने त्याला दिलेला सात आकडी क्रमांक, एमएमआयडी, लागे. पावशेर मिरच्या घेताना कोण आयएफएससी विचारणार?

११ एप्रिल २०१६ रोजी तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयची सुरुवात केली. ऑगस्टअखेरीस बँकांची यूपीआय अॅप लोकांना मिळू लागली, म्हणजे नोटबंदी झाली तेव्हा हे बाळ जेमतेम दोन-अडीच महिन्यांचे होते. डिसेंबरअखेर सरकारचे भीम अॅप आले, पुढच्या वर्षी मोठ्या खासगी कंपन्या उतरल्या. यूपीआयने दोन गोष्टी केल्या. पैसे वॉलेटमध्ये काढून न ठेवता थेट बँक खात्यातून जाऊ लागले, आणि कोणत्याही अॅपवरून कोणत्याही बँकेच्या खात्यात जाऊ लागले. क्यूआरच्या बाबतीत मात्र २०२० पर्यंत काही कंपन्या आपापले वेगळे स्टिकर चिकटवत होत्या. रिझर्व्ह बँकेने असे नवे खासगी क्यूआर बंद केले आणि जुने मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालतील असे करायला लावले. आज पानाच्या टपरीवर कोणत्याही रंगाचा स्टिकर असो, आपण तो कुठल्याही अॅपने स्कॅन करतो, त्यामागे हा आदेश आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये देशात महिन्याला १०० कोटी यूपीआय व्यवहार झाले. मग करोना आला आणि नोटेला हात लावायची भीती बसली. ऑगस्ट २०२३ मध्ये हा आकडा १,००० कोटींवर गेला, ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. त्या महिन्यात फिरलेली रक्कम सुमारे २५ लाख कोटी, म्हणजे सरासरी व्यवहार बाराशे-साडेबाराशे रुपयांचा. या सरासरीत घरभाडे, उसनवारी, घरी पाठवलेले पैसे असे सगळे येते. दुकानदारांना होणाऱ्या व्यवहारांतले बहुसंख्य ५०० रुपयांच्या आतले असतात. चहा, रिक्षा, कोथिंबीर. एनपीसीआयने राज्यवार आकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर निघाला.

स्कॅन केल्यावर नेमके काय होते

समजा दादरच्या मंडईत तुम्ही ८० रुपयांची भाजी घेतली. तुमचे खाते एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, भाजीवाल्याचे एका सहकारी बँकेत.

टोपलीला टांगलेल्या क्यूआरमध्ये पैसे नसतात, गुप्त असेही काही नसते. तो फक्त पत्ता असतो: मध्ये @ चिन्ह असलेला यूपीआय आयडी आणि एखादे नाव. कॅमेरा तो वाचतो आणि अॅप एनपीसीआयमार्फत विचारते, हा पत्ता कोणाच्या खात्याचा? उत्तर म्हणून समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. जून २०२५ अखेरपर्यंत सर्व अॅपनी फक्त हेच नाव दाखवावे असा नियम झाला, कारण त्याआधी क्यूआरमध्ये घातलेले किंवा आपणच मोबाइलमध्ये साठवलेले नाव दिसे आणि त्याचा गैरफायदा घेतला जाई. ते नाव वाचायची सवय लावून घ्या. स्टिकरवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून पैसे पळवण्याचे प्रकार त्यानेच उघडे पडतात.

मग तुम्ही ८० लिहिता आणि पिन टाकता. इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते: पिन टाकायचा तो पडदा अॅपचा नसतोच. तो एनपीसीआयने दिलेला भाग असतो, प्रत्येक अॅपमध्ये तसाच बसवलेला. म्हणून सगळीकडे तो साधारण सारखा दिसतो. पिन तिथल्या तिथे कूटबद्ध होतो, आणि तो बरोबर की चूक हे फक्त तुमची बँक ठरवते. ज्या कंपनीचे अॅप तुम्ही वापरता तिला पिन कळत नाही. शिवाय ती कंपनी सहसा बँकही नसते. तिला एखाद्या भागीदार बँकेच्या खांद्यावरूनच यूपीआयमध्ये शिरता येते.

आता निरोप धावू लागतात. अॅपकडून भागीदार बँकेकडे, तिथून एनपीसीआयकडे, तिथून तुमच्या बँकेकडे: "हा पिन तपासा, बरोबर असेल तर खात्यातून ८० वजा करा." बँक वजा करते आणि तसे कळवते. मग एनपीसीआय भाजीवाल्याच्या बँकेला सांगते: "याच्या खात्यात ८० जमा करा." ती जमा करते, कळवते, आणि दोन्हीकडे हिरवी खूण उमटते. एवढे सगळे दोन-चार सेकंदांत.

पण या दोन-चार सेकंदांत पैसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेलेला नसतो. तुमच्या बँकेने तुमच्या नावापुढे ८० वजा लिहिले, त्याच्या बँकेने त्याच्या नावापुढे ८० अधिक लिहिले. तुमची बँक त्याच्या बँकेला ८० रुपये देणे लागते, इतकेच. त्याच काळात उलट्या दिशेनेही लाखो व्यवहार झालेले असतात. सहलीहून परतल्यावर मित्र बसून हिशोब करतात, जेवण याने दिले, गाडी त्याने केली, आणि शेवटी फरकाची रक्कम तेवढी एकमेकांना देतात. बँकाही तेच करतात. दिवसातून अनेक वेळा एनपीसीआय सगळ्या बँकांचे देणे-घेणे वळते करून प्रत्येक बँकेचा एकच आकडा काढते आणि रिझर्व्ह बँकेत असलेल्या बँकांच्या खात्यांमधून तेवढाच इकडचा तिकडे होतो. यात नवे काही नाही. चेकच्या काळात मुंबईच्या क्लिअरिंग हाउसमध्ये बँकांची माणसे चेकचे गठ्ठे घेऊन जमत, तेव्हाही हाच हिशोब होई. फरक वेगाचा आणि आकड्यांचा.

यावरून 'पेंडिंग' म्हणजे काय तेही कळते. तुमच्या बँकेने ८० वजा केले, पण दुसऱ्या बाजूकडून "जमा झाले" असा निरोप वेळेत आला नाही. कदाचित जमा झालेही असतील, फक्त निरोप अडकला असेल. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे देऊ नयेत, पण भाजीवाल्यासमोर उभे राहून हा उपदेश पाळणे कठीण आहे हेही मी जाणतो. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. एका व्यक्तीला पाठवलेली रक्कम तुमच्या खात्यातून वजा होऊन तिच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेले पैसे असतील आणि त्याच्याकडे खात्रीचा निरोप पोचला नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न पाहता द्यायची आहे. हा नियम बँकेच्या काउंटरवर फारसा कोणी आपणहून सांगत नाही.

कधी कधी मात्र एखाद्या व्यवहाराऐवजी सगळी व्यवस्थाच बसते. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशी देशभर यूपीआय काही काळ कोलमडले होते. खिशात शंभर-दोनशे ठेवावेत ते अशा दिवसांसाठी.

तो बोलणारा डबा

"पन्नास रुपये प्राप्त झाले." क्यूआरशेजारच्या छोट्या स्पीकरमधून येणारा हा आवाज आता मुंबईच्या बाजारांचा कायमचा भाग झाला आहे. गंमत अशी की तो ग्राहकासाठी नाहीच. सुरुवातीला दुकानदाराकडे पैसे आले की नाही हे कळायचा एकच मार्ग होता, मोबाइलवरचा एसएमएस. तो उशिरा येई किंवा येतच नसे. मग ग्राहक स्वतःच्या फोनचा पडदा दाखवू लागले, आणि लवकरच जुने किंवा बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारेही निघाले. हात पिठात, समोर चार गिऱ्हाइके, अशा माणसाने प्रत्येकाचा पडदा तपासायचा कधी?

त्या डब्यात सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याची खात्री झाली की दुकानदाराला सेवा देणारी कंपनी तिच्या सर्व्हरवरून डब्याला निरोप पाठवते आणि डबा बोलतो, मराठीतही. त्याचा ग्राहकाच्या फोनशी काही संबंध नसतो, म्हणून त्याला फसवणे कठीण. यूपीआयमधली सगळ्यात हुशार गोष्ट कोणती असे विचारले तर मी या डब्याचे नाव घेईन. सरकारच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या कोणत्याही आदेशातून तो आलेला नाही. गर्दीच्या काउंटरवरची अडचण पाहून आलेला आहे.

डबा फुकट नसतो. दुकानदार त्याचे महिन्याचे भाडे भरतो. इथून आपण पैशाच्या प्रश्नाकडे येतो.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने?

क्रेडिट कार्ड घासले की दुकानदाराला साधारण दोन टक्के कमी मिळतात. हा कापलेला भाग, एमडीआर, कार्ड देणारी बँक, मशीन देणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी वाटून घेतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर सरकारने १ जानेवारी २०२० पासून हा दर शून्य केला. सुट्या पैशांची जागा यूपीआयने घेतली ती यामुळे. दहा रुपयांच्या चहातून पंधरा-वीस पैसे जरी कापले गेले असते, तरी टपरीवाल्याने स्टिकर लावला नसता.

पण सर्व्हर चालवायला, निरोप वाहायला, तक्रारी निस्तरायला खर्च येतोच. त्याचा काही भाग सरकार बँकांना आणि कंपन्यांना अनुदान म्हणून देते. २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटींची तरतूद मंजूर झाली. छोट्या दुकानदाराला मिळालेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के, म्हणजे शंभर रुपयांमागे पंधरा पैसे. या धंद्यातल्या लोकांचे म्हणणे की हे पुरत नाही. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले की खर्च कोणाला ना कोणाला उचलावा लागणारच. शून्य दर कायम राहील असे गृहीत धरू नये.

मग अॅपवाल्या कंपन्या कशावर जगतात? काही डब्याच्या भाड्यावर, काही विमा-म्युच्युअल फंड-सोने विकण्यावर, काही रिचार्ज आणि बिलांच्या दलालीवर. पण खरा रस कर्जात आहे. ज्या दुकानाचा क्यूआर कंपनीने लावला, त्या दुकानात रोज किती येते, सणाला किती वाढते, पावसाळ्यात किती पडते हे तिला दिसते. ज्या फेरीवाल्याकडे ना पगाराची पावती ना आयकराचे विवरण, त्याला बँकेने दारात उभे केले नसते; कंपनी मात्र एखाद्या बिगरबँक वित्तसंस्थेकडून त्याला कर्ज मिळवून देते आणि हप्ता रोजच्या रोज क्यूआरवर येणाऱ्या पैशांतून वळता होतो. दादरच्या फूलवाल्याला पहाटे माल उचलायला भांडवल लागते, त्याच्यासाठी हे पठाणी व्याजापेक्षा बरे असू शकते. रोज थोडे थोडे कापले जाते म्हणून एकूण व्याज किती झाले हे पटकन लक्षात येत नाही, ही त्याची दुसरी बाजू. सही करण्याआधी वर्षाचा व्याजदर विचारावा. महिन्याचा किंवा 'रोजचे इतके' असा नव्हे.

आणि हा धंदा फार थोड्या हातांत आहे. देशातल्या यूपीआय व्यवहारांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास केवळ फोनपे आणि गुगल पे या दोन अॅपवरून होतात. एका अॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त वाटा नसावा अशी मर्यादा एनपीसीआयने २०२० मध्येच घातली, पण ती अमलात आणायची तारीख पुढे पुढे ढकलत आता २०२६ च्या अखेरीवर गेली आहे.

लोकलच्या खिडकीवर

मुंबईकराला रोखीशिवाय तिकीट काढायची सवय यूपीआयच्या आधीपासून होती, हे नव्या पिढीला सांगायला हवे. कूपनांची वही आठवते? सीव्हीएमच्या यंत्रात कूपन घालून ठसा उमटवायचा, यंत्र बिघडलेले असले की दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर धावायचे. मग स्टेशनवर आपले आपण तिकीट काढायची यंत्रे, एटीव्हीएम, आणि त्यांची स्मार्ट कार्डे आली. २०१५ च्या सुमारास रेल्वेच्या यूटीएस अॅपवर कागदाशिवाय तिकीट मिळू लागले. त्यात एक अट होती: तुम्ही रुळांच्या अगदी जवळ किंवा गाडीत असाल तर तिकीट निघणार नाही. फोनचा जीपीएस ते ठरवी. कारण उघड आहे. नाहीतर टीसी दिसला की लोकांनी तिकीट काढले असते. त्यामुळे स्टेशनच्या बाहेर रस्त्यावर थांबून, फोन आकाशाकडे धरून तिकीट काढणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

खिडक्यांवर आता क्यूआर दाखवणारे पडदे बसले आहेत. इथला क्यूआर दुकानातल्या स्टिकरसारखा कायमचा नसतो; प्रत्येक तिकिटासाठी नवा तयार होतो आणि त्यात रक्कमही भरलेली असते. पण पाच-दहा रुपयांच्या तिकिटाला फोन काढा, अॅप उघडा, पिन टाका, हे रोखीपेक्षा हळूच होते, आणि रांगेतले लोक ते बोलून दाखवतात. याच अडचणीसाठी यूपीआय लाइट आहे. त्यात बँक खात्यातली थोडी रक्कम, जास्तीत जास्त ५,००० रुपये, बाजूला काढून ठेवायची आणि १,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय करायचे. बँकेच्या मुख्य यंत्रणेला दर वेळी उठवावे लागत नाही, आणि पासबुकात चहाच्या चाळीस ओळी येत नाहीत. मात्र फोन चोरीला गेला आणि उघडता आला, तर ती बाजूला काढलेली रक्कम पिनशिवाय जाऊ शकते, म्हणून ती आटोपशीरच ठेवावी.

फसवणुकीबद्दल एकच वाक्य पाठ करण्याजोगे आहे: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "रिफंड हवा तर पिन टाका" म्हणणारा तुमच्याकडून पैसे काढून घेतो आहे. पूर्वी अनोळखी माणूस 'पैसे द्या' अशी विनंती तुमच्या अॅपवर पाठवी आणि लोक ती मिळालेले पैसे समजून मंजूर करत. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा विनंत्या ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या आहेत. तरीही पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त.

नोटा मग वाढल्या कशा?

नोव्हेंबर २०१६ च्या सुरुवातीला देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन होते. मार्च २०२५ मध्ये नुसत्या नोटाच ३६ लाख कोटींच्या वर गेल्या होत्या. त्यांत मूल्याने ८६ टक्के वाटा एकट्या पाचशेच्या नोटेचा. नोटबंदीत रद्द झालेल्या दोन नोटांचाही वाटा ८६ टक्केच होता. हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

पाचशेची नोट आता खर्चायला कमी आणि ठेवायला जास्त वापरली जाते. आजारपणासाठी कपाटात, लग्नासाठी डब्यात, आणि घर विकत घेताना 'वरचे' म्हणून जे मागितले जाते त्यासाठी. मुंबईत जागेचे व्यवहार पाहिलेल्या कोणालाही हा शेवटचा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

उलट, छोट्या नोटा हाताला लागेनाशा झाल्या. एटीएम बहुधा पाचशेच देते, पाचशे घेऊन वीसच्या कोथिंबिरीला गेलात तर भाजीवाला स्टिकरकडे बोट दाखवतो. सुटे मिळत नाहीत म्हणून लोक स्कॅन करतात, स्कॅन करतात म्हणून गल्ल्यात सुटे येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितले की सप्टेंबरअखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममधून १०० किंवा २०० च्या नोटा मिळायलाच हव्यात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांची दृष्टी अधू आहे, ज्यांना रोजंदारी रोखीतच मिळते, त्यांच्यासाठी हे फार गरजेचे होते.

काही दुकानदार मुद्दामही रोखीकडे परतत आहेत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर आलेल्या रकमा पाहून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि बंगळुरूत "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. पुढे तिथल्या सरकारने जुनी वसुली करणार नाही असे सांगितले, पण भीती पसरायची ती इथल्या बाजारांपर्यंतही पसरली. नियम समजून घेतला तर ती निम्मी होते. माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी लागते. ताजी भाजी, सुटे दूध यांवर जीएसटीच नाही. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. दिवसाला ११,००० रुपयांचा गल्ला असलेले किराणा दुकान वर्षाला ४० लाखांवर जाते, मालकाच्या हाती त्यातले थोडेच राहत असले तरी. शिवाय खात्यात आलेले सगळेच विक्रीचे नसते. मेहुण्याने परत केलेले उसने पैसेही त्याच क्यूआरवर येतात. म्हणून धंद्याचा क्यूआर आणि घरचा यूपीआय आयडी वेगळा ठेवावा. नोटीस आली तर हे वेगळेपण दाखवता येते.

आणखी एक बदल कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. मासळी बाजारात जाऊन क्यूआर स्कॅन करा आणि पडद्यावर येणारे नाव वाचा. समोर मावशी बसलेली, नाव मुलाचे किंवा नवऱ्याचे. रोख होती तेव्हा दिवसाची कमाई तिच्या कनवटीला असे, त्यातले किती घरात सांगायचे हे ती ठरवी. आता ती आधी दुसऱ्याच्या खात्यात पडते आणि तिला मागून घ्यावी लागते. मुलगा चांगला असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बर्फाचे आणि टेम्पोचे पैसे द्यायलाही दुसऱ्याच्या फोनची वाट पाहावी लागते. घरकाम करणाऱ्या बायका "ताई, रोखच द्या" म्हणतात त्यामागेही पुष्कळदा हेच असते, त्यांना मोबाइल कळत नाही असा अर्थ काढू नये.

यावर उपाय आहे आणि तो फारसा अवघड नाही. पैसे घ्यायला स्मार्टफोन लागत नाही. क्यूआर हा नुसता पत्ता आहे, त्यामुळे तिच्या स्वतःच्या नावावरच्या बचत खात्याचा क्यूआर बँकेतून छापून घेता येतो, आणि बोलणारा डबा असेल तर पैसे आले की नाही हे ऐकूनच कळते. पैसे द्यायचे असतील तर साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. त्यात नंबर लावून, आवाजातल्या सूचना ऐकत व्यवहार करता येतो. अट एवढीच की खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा हवा. बऱ्याच घरांत बँकेत मुलाचाच क्रमांक दिलेला असतो. तो आधी शाखेत जाऊन बदलून घ्यावा लागतो.